कान्ह्यातली खिडकी

खिडकी आजही उघडीच होती. पहाटेचे धुके शेडमध्ये शिरत होते, तरी दस्तगीरला ती लावून घ्यावीशी वाटली नव्हती. अंबाजी वस्तादांना ते सोयीचेच झाले. भिंतीलगत पडलेल्या ओंडक्यावर चढून त्यांनी आत डोकावले.

आत प्रितम ठोसे मारत होता. कुसगावच्या तालमीत ज्याला त्यांनी लहानाचा मोठा केला, ज्याच्या अंगाला लाल माती स्वतःच्या हाताने चोळली, तोच प्रितम. आता त्याला कुस्ती आणि ठोसे दोन्ही चालणाऱ्या मिश्र लढतीच्या पिंजऱ्यात उतरायचे होते, म्हणून तो रेल्वेकडून बॉक्सिंग खेळलेल्या या दस्तगीरकडे कान्ह्याला येत होता. पिंजऱ्यातही शेवटी माणूस धरूनच पाडावा लागतो, असे वस्तादांनी त्याला बजावले होते. धरायला आधी ठोसे चुकवत जवळ जाता आले पाहिजे, आणि ते बॉक्सिंगच शिकवते, असे उत्तर त्याने मान खाली घालून दिले होते. ते उत्तर वस्तादांना अजून सलत होते.

दस्तगीरने प्रितमच्या पाठीवर थाप मारली. आजवर त्या पाठीवर एकाच माणसाचा हक्क होता.

मग त्यांना चूक दिसली. दोन डावे ठोसे टाकले की प्रितमचा उजवा हात कमरेपर्यंत उतरत होता आणि सगळा भार पुढच्या पायावर येत होता. खाली वाकून पाय ओढायला, पट काढायला, याहून चांगली वेळ कोणती? दस्तगीर मात्र त्याला टोकत नव्हता. उलट तोच मारा खिडकीसमोर पुन्हा पुन्हा करून घेत होता. म्हणे उस्ताद, असे दस्तगीरला मनात हिणवून वस्ताद ओंडक्यावरून उतरले.

घरी न जाता ते उलट दिशेने बेगडेवाडीला गेले. प्रितमचा प्रतिस्पर्धी आकाश तिथलाच, तोही मूळचा कुस्तीतला. शिष्य एकदा हरला की ठोशांचे वेड उतरून निमूट तालमीत परतेल, अशी वस्तादांची खात्री होती.

"त्येचा उजवा हात खाली गेला की डोकं घालून पट काढ," त्यांनी सांगितले.

आकाश चकित झाला. "वस्ताद, तुमचाच पठ्ठ्या ना त्यो?"

"व्हता."

लोणावळ्याच्या सभागृहात वस्ताद पहिल्या रांगेत बसले. लढत सुरू झाली. प्रितमने दोन डावे ठोसे टाकले. उजवा हात उतरला. आकाश डोके घालून झेपावला, आणि कमरेशी दबा धरून बसलेली मूठ खालून वर येत थेट त्याच्या हनुवटीवर बसली. पंचांनी लढत थांबवली.

जिंकलेल्या मल्लाने मानाचा फेटा वस्तादाच्या डोक्यावर ठेवायचा, ही तालमीची रीत. फेटा हातात घेऊन प्रितमने दस्तगीरकडे पाहिले. वस्तादांनी मान फिरवली. पण दस्तगीरनेच त्याला पहिल्या रांगेकडे धाडले. प्रितमने फेटा वस्तादांच्या डोक्यावर चढवला, तो पाया पडला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. वस्तादांचा ऊर भरून आला. मान अखेर तालमीचाच.

प्रितम त्यांच्या कानाशी वाकला.

"आकाश खाली वाकंल का न्हाई, ह्येची उस्तादांना लय काळजी व्हती. मी म्हणलं, आमचं वस्ताद सोता जाऊन सांगतील त्याला. खिडकीखाली ओंडका मीच ठेवलता."