फेट्यातला फोटो

पिंपळगावच्या द्राक्षांचे निर्यातदार आप्पा. त्यांची वेबसाइट उघडली की द्राक्षांआधी त्यांचा फेट्यातला फोटो दिसे. वेबसाइट सांभाळणाऱ्या हर्षालीने महिन्याचा रिपोर्ट पुढ्यात ठेवला. “हॉलंडचे खरेदीदार येतात आणि चार सेकंदांत जातात, आप्पा. त्यांना फवारणीबद्दलचा लॅबचा दाखला हवाय. फोटोच्या जागी तो टाकू, नाहीतर यंदा कंटेनर शेजारच्यांचेच भरतील.” आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. “चार सेकंदांत माणसाचं तोंड तरी नीट दिसतं का? फोटो मोठा कर.” पालथ्या घड्यावर किती ओतायचं? तिने केला मोठा. पुढच्या रिपोर्टमध्ये हॉलंडवाले नव्हतेच मुळी. कुणीतरी मात्र रोज तासभर त्या फोटोवर थांबलं होतं. “बघ,” आप्पा खुलले, “कुठला साहेब हा?” हर्षालीने त्याच्या कॉम्प्युटरचा नंबर ओळखला आणि आप्पांच्या टेबलावरच्या मशीनकडे पाहिलं. “इथलाच आहे, आप्पा,” ती म्हणाली. “फेटा बांधतो.”