पाकिटातला आकडा

पाकीट फोडून धाकटीने आतला आकडा संगणकात घातला, आणि पडद्यावर उत्तर उमटलं. बारीक गुठळ्या होत्या. ढीगभर होत्या!

म्हणजे सर चुकले होते.

सरांची ही शेवटची विद्यार्थिनी, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. विश्व नुकतंच जन्मलं तेव्हा न दिसणाऱ्या द्रव्याच्या आधी गुठळ्या झाल्या, त्यांत वायू ओढला गेला आणि मग तारे पेटले, इथवर कुणाचं भांडण नाही. पण सर तीस वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसले होते. त्या द्रव्याचे कण भलतेच चपळ, त्यामुळे बारीक गुठळ्या धरल्याच नाहीत. पीठ सतत ढवळत राहिलं तर गुठळ्या धरतात का कधी? लोक हसले. सर हटले नाहीत.

धाकटीने नऊ वर्षं दुर्बिणीची मोजमापं चाळली, तीही डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी. कारण त्या मोजमापांत सरांनी आधीच एक गुप्त आकडा मिसळून ठेवला होता. हवं तेच उत्तर काढायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून. काम पुरं झालं की पाकीट फोडायचं, आकडा वजा करायचा आणि निघेल ते निमूट मान्य करायचं. आकड्याची दुसरी प्रत कुठेही नाही, हा सरांचा हट्ट.

आणि आता सर इस्पितळात. डॉक्टरांनी हात टेकले होते.

खोलीच्या दाराशी सरांची बायको, काकू, उभ्या होत्या. "सकाळपासून तुझीच वाट बघतायत गं. चहासुद्धा घेतला नाही."

धाकटीला भडभडून आलं. मरणाऱ्या माणसाच्या हातून तीस वर्षं हिसकावून घ्यायची? छे! लेखात खरं तेच छापू की. आज एक दिवस खोटं बोललं तर कुणाचं काय बिघडतंय?

"फोडलंस पाकीट?" ती आत येताच सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मग सांग. आडपडदा नको. जन्मभर माझ्या होला हो करणारेच भेटले मला."

"गुठळ्या नाहीत, सर. तुमचंच खरं निघालं."

"नीट बघितलंस?"

"तीनदा."

काकूंनी डोळे पुसले. सर मात्र हसले नाहीत.

"पाकिटातला आकडा खोटा होता, पोरी. काहीही झालं तरी गुठळ्याच दिसाव्यात, असा निवडून ठेवला होता मी." त्यांना धाप लागली. "खरा फक्त माझ्या डोक्यात आहे. सर, तुम्ही चुकलात, असं जो तोंडावर म्हणेल, त्याला सांगणार होतो."

आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.