खेळण्यातला सूर

धाकटा भाऊ ताईच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला, तेव्हा ती एका जुन्या व्हिडिओ गेमच्या बटणांखालची घाण खरवडत होती. इतक्या वर्षांत त्याने या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. सोबत त्याची बायको होती. तिने पिशवीतून एक राखाडी ठोकळा काढून काउंटरवर ठेवला.

ताईने तो लगेच ओळखला. लहानपणी ज्याच्यासाठी दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायचे, तोच व्हिडिओ गेमचा कन्सोल. खेळ खेळून कंटाळा आल्यावर तिनेच तो उघडला होता. तारा फिरवून, नवी चिप बसवून तिने त्या पीं-पीं करणाऱ्या खेळण्याला गायला लावलं. चाली दोघांनी मिळून बांधल्या. मग वडिलांनी अंथरूण धरलं. ताई त्यांच्या उशाशी बसली आणि भाऊ कन्सोल घेऊन स्टुडिओत गेला. पहिला अल्बम आला, त्यावर त्याचा एकट्याचा चेहरा. रेडिओवर मुलाखत लागली, तेव्हा वडील कान देऊन ऐकत होते. "घरी एकटाच बसून वाजवायचो," भाऊ म्हणाला.

"तुझं नाव कसं घेतलं नाही गं त्याने?" वडिलांनी विचारलं. तेवढं कोडं मनात घेऊनच ते गेले.

"मोठा कार्यक्रम आहे," भाऊ आता म्हणाला, एवढ्याशा दुकानात नको तितक्या मोठ्या आवाजात. "मागे व्हायोलिनवाले बसणार आहेत. हा मेला मधेच बंद पडतो. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायला जीव धजत नाही."

"बघते," म्हणत ताई वळली आणि खणात स्क्रूड्रायव्हर शोधू लागली. "बाकी तुझं बरं चाललंय ना?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"छान चाललंय, ताई," भावजय घाईघाईने म्हणाली.

वा! साहेब आता बहिणीशी बोलायलाही माणूस ठेवतात. ताईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जरा जोरातच काउंटरवर आपटला.

"दुरुस्त झाला की ये. ऐकून बघ, मगच ने," ती त्याच्याकडे बघत म्हणाली.

"मी कशाला ऐकू? तू ऐकलंस की झालं. तुझ्यासारखा कान कुणाला आहे?" तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. लोणी लावायची खोड काही गेली नव्हती. "आणि कार्यक्रमाला यायचंच. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध तुझी खुर्ची ठेवलीय. मला तू समोर दिसली पाहिजेस."

म्हणजे आता याला माझ्या टाळ्याही हव्यात तर.

"येते की," ताई म्हणाली. "मी नाही येणार तर कोण येणार?"

कन्सोल बंद पडण्याचं कारण साधं होतं. एक टाका सुटला होता. तिने तो जोडला, यंत्र सुरू केलं. सूर चोख लागला. इथेच झाकण लावून टाकता आलं असतं.

तिने झाकण लावलं नाही. सूर ज्याच्यावर टिकून असतो, तो इवलासा स्फटिक तिने बोर्डावरून उपटला आणि त्या जागी स्वतः जुळवलेलं एक सर्किट बसवलं. थंड असेपर्यंत ते इमानाने चालणार. दिव्यांखाली तापलं, की सूर घसरायला लागणार. आधी केसभर, मग बोटभर. मागचे व्हायोलिनवाले सुरात, आणि हा भलतीकडेच.

सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला. क्षणभर तिचा हात थांबला. मग वडिलांचा तो चेहरा आठवला आणि तिने शेवटचा स्क्रू पिळून घट्ट केला. एकटाच वाजवायचास ना? मग तोंडावरही एकटाच पड.

सभागृह तुडुंब भरलं होतं. भावजय ताईच्या शेजारी बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, परीक्षेला बसल्यासारखी. भाऊ मंचावर आला. त्याच्या मागे व्हायोलिनवाले, तोंडावर दिव्यांचा झोत. पहिल्या चालीला लोक डोलायला लागले. दुसरीला ताईच्या अंगावर काटा आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

तिसरी चाल सुरू झाली आणि सूर हलला.

एका व्हायोलिनवाल्याने शेजाऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याने आपलं वाद्य तपासलं. घसरण वाढत गेली तशी एकेक गज खाली आला. आता एकटा कन्सोल उरला, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा विव्हळणारा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शिट्टी. मग खुर्च्यांचा खडखडाट.

भाऊ वाजवतच होता. त्याचे डोळे ताईवर खिळले होते.

ताईने नजर चुकवली नाही. वर्षानुवर्षं आत कोंडलेलं हसू तिने मोकळं सोडलं. पोटभर, तोंडभर. बघ म्हणावं, नीट बघून घे.

त्याने बघितलं. तोही हसला, मान डोलावली, आणि आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवून दुप्पट जोमाने वाजवायला लागला. काय निगरगट्ट माणूस आहे! ताई आणखी हसली.

भावजयीने तिचा हात घट्ट धरला.

"ताई, हसू नका हो," ती रडत म्हणाली. "त्याला वर्षभरापासून काहीच ऐकू येत नाही. तुम्ही हसताय म्हणूनच तो थांबत नाहीये."