घरातले आवाज शिकणारा ब्राउझर

"हा ब्राउझर घरातले आवाज शिकतो," ही सूचना केतकीनं वाचली होती. पण फुकट आणि झटपट चालतो म्हणून तिनं तोच निवडला.

आज दुपारी ती कणीक मळत असताना बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज आला, "सानू, दाराची कडी काढ बघू. काका आलेत."

ती पिठाच्या हातांनीच धावली. चार वर्षांची सानिका स्टुलावर चढून कडीपर्यंत पोचली होती.

"सानू, थांब! उघडू नकोस!"

"पण आईच म्हणाली," सानिकानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

केतकीनं प्लग उपटला. पोरीनं भोकाड पसरलं, "आईला का बंद केलंस?"

बाहेरची पावलं शेजारच्या दाराकडे वळली.

तुमचं मूल आत्ता कॉम्प्युटरपाशी असेल, तर ते कोणाचं ऐकतंय, एवढं उठून बघून या.