रसूलचा नवा लंगर

रसूलनं दोर ओढला, तर हातात नुसता दोरच आला. लंगर पाण्यात राहिला होता. लंगर म्हणजे तरी काय, दोरानं आवळलेला धोंडा. तो निसटला आणि होडी नळदुर्गच्या बंधाऱ्याकडं निघाली. बोरी नदी भरलेली, बंधाऱ्यावरून पाणी धो धो खाली कोसळत होतं. काठावरच्या बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून रसूल वाचला. तळहात काट्यांनी भरले, पण मासे शाबूत राहिले, असं तो घरी हसत हसत सांगत बसला.

त्याची बायको नसीमबी हसली नाही. तिनं सुई घेतली, एकेक काटा काढला आणि धड लंगर होईपर्यंत होडीला हात लावायचा नाही असं बजावलं. त्याची आई खातूनबी चुलीकडं तोंड करून बसली होती. ती काहीच बोलली नाही. त्या घरात हे नवलच होतं.

रसूलनं सगळं करून पाहिलं होतं. गोट्यांनी भरलेलं पोतं कुजलं. डब्यात चुना नि खडी ओतून केलेला लंगर पहिल्याच दणक्याला फुटला. आणि महायुद्धामुळं लोहाराकडं लोखंडाचा तुकडा मिळत नव्हता.

खरा लंगर घरातच होता. जात्याची वरची तळी. वाटोळी, वजनदार, मधोमध आयतं भोक. त्यातून बाभळीचा सोट आरपार ठोकला, दोर बांधला की झालं काम.

पण ते जातं खातूनबीनं लग्नात माहेराहून आणलेलं. सोमलिंगनं गावात इंजिनाची गिरणी घातली, तेव्हा गिरणीच्या दारात उभं राहून तिनं सुनावलं होतं, की या पिठाला घासलेटाचा वास येतो आणि ती जिवंत असेपर्यंत तिच्या घरची भाकरी जात्याच्याच पिठाची होईल. तेव्हापासून गल्लीतली कुठलीही बाई डबा घेऊन गिरणीकडं निघाली, की खातूनबी ओट्यावरून तिची हजेरी घ्यायची. रसूलनं एकदाच तळी मागून पाहिली. नंतर दोन दिवस त्याला कोरडी भाकरी मिळाली.

काट्यांचा ठणका अजून गेला नव्हता, तोच एका दुपारी ते घडलं. रसूल काठावरून धरलेले मासे विकून आला, नसीमबी धुणं धुऊन आली, खातूनबी दर्ग्यावरून आली, आणि बघतात तर तळी गायब. खुंटा तेवढा काढून कोपऱ्यात ठेवलेला.

दर्ग्याच्या पायरीवर पाय घसरून खांदा लचकल्याचं खातूनबी सांगत होती. उजवा हात वर होत नव्हता, म्हणून तिनं डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं आणि गल्ली गोळा केली. शोधत शोधत सगळे नदीवर गेले. तळी रसूलच्याच होडीत, जाळ्याखाली झाकून ठेवलेली सापडली.

"हे एकट्याचं काम न्हाय," खातूनबी म्हणाली. "एवढा दगड उचलायला दोघं लागत्यात."

रसूलनं बायकोकडं पाहिलं. काटे काढतानाचा तिचा चेहरा त्याला आठवला आणि त्याला भरून आलं. आपल्यासाठी हिनं केवढं धाडस केलं! आता अम्मा हिला माहेरी धाडणार. तो पुढं झाला.

"म्या नेली, अम्मा."

त्याच दमात नसीमबीही बोलली. "न्हाय, म्या नेली." नवऱ्यानंच नेली याबद्दल तिला शंका नव्हती. पण माय-लेकांचं तुटायला नको, असं तिच्या मनात आलं.

गल्ली हसली. खातूनबी मात्र हसली नाही. रसूलनं तळी परत आणून ठेवतो म्हटलं, तर त्यालाही ती राजी होईना. माशांच्या वासाचा दगड घरात नको म्हणाली. "बसा आता गिरणीचं पीठ खात," असं म्हणून ती तरातरा घरी निघून गेली.

रसूलनं सोट ठोकला, दोर बांधला. भर पुरातही होडी जागची हलली नाही. त्या रात्री नसीमबी निवांत झोपली. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नाही. दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर खूश होते.

घरातलं पीठ संपलं. खातूनबी सुनेला घेऊन गिरणीकडं निघाली. काय दिवस आले म्हणून वाटभर कुरकुरली, तीही गल्लीला नीट ऐकू जाईल अशी. नसीमबीला गिरणीच्या दाराबाहेर ओळखीची पार्वतम्मा भेटली, म्हणून ती तिथंच बोलत थांबली.

दळण झालं. सोमलिंगनं इंजिन बंद केलं आणि गरम पिठाचा डबा खातूनबीपुढं ठेवला.

"चाची," त्यानं विचारलं, "तळी होडीत टाकताना तुमचा खांदा लचकला, त्यो आता कसा हाय?"

खातूनबीनं आधी दाराकडं पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "सून भाईर उभी हाय."