खेकड्यांच्या पलीकडे

काचेच्या आत एक वाघ, दोन चितळ, एक घोरपड, अकरा खेकडे आणि माणसाची पाच पावलं होती. बाहेरून पाहणाऱ्याला पावलं दिसत नसत. ती खारफुटीच्या मुळांआड होती.

कालिंदी खेकड्यांवरची धूळ झटकत तिथवर पोचली. संग्रहालयात लागून तिला महिनाच झाला होता. आत डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता. वाघ पाठीशी होता. तो पेंढा भरलेला आहे हे माहीत असूनही तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

चिखल प्लास्टरचा होता, ठसे खरे होते. तिचे वडील याच संग्रहालयासाठी प्राणी गोळा करत. बारा वर्षांपूर्वी, महायुद्ध सुरू झालं त्या साली, सुंदरबनात ते पहाटे एकटेच होडीतून उतरले आणि परतले नाहीत. होडीत बूट सापडले. काठावर वाघाचे आणि त्यांचे ठसे होते. सोबतच्यांनी त्या चिखलाचा साचा घेतला.

उद्या बारा वर्षं भरत होती. देह सापडला नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा होता. मग आई कुंकू पुसणार होती.

"बाहेर ये, पोरी," भादुडीबाबू दारातून म्हणाले. तेव्हा वडिलांसोबत गेलेल्यांत तेही होते, साचा त्यांनीच घेतला होता. "बापाच्या पावलांपाशी असं बसू नये."

"बाबू, वाघ त्यांच्या मागून आला हे कशावरून?"

"अगं, ठशावर ठसा पडलाय. मागून आल्याशिवाय पडेल?"

कालिंदीने बॅटरी खाली धरली. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. बाबांच्याही नव्हती. त्या पावलाची टाच वाघाच्या पंजावर पडली होती. पंजा खाली होता, टाच वर. पंजे रानाकडे गेले होते. पावलं होडीपासून दूर, खाडीच्या वरच्या अंगाला चालली होती. तिकडून खुलना शहराकडे जाणाऱ्या होड्या जात.

"फार धावला असेल गं बिचारा," बाबू म्हणाले. "जिवाच्या भीतीने पळणारा माणूस चार-चार फुटांवर पाय टाकतो."

कालिंदीने फीत काढली. एका टाचेपासून पुढच्या टाचेपर्यंत धरली. पाचही पावलांमधलं अंतर मोजलं, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजलं.

प्रत्येक वेळी सव्वीस इंच.