घानाला जायची खोकी

शेवटच्या खोक्यावर चिकटपट्टी मारून विश्वजीतने कंबर सरळ केली. आखातातल्या ईसा टाउनमधली मराठी मंडळाची ही खोली आता रिकामी व्हायची होती. पुस्तकं घानाला रवाना झाली की इथे टेबल टेनिस येणार, असं कार्यकारिणीत ठरलं होतं. वाचायला कुणी फिरकत नाही, हे काही खोटं नव्हतं. त्याची बायको संघप्रिया दर शुक्रवारी खोली उघडून बसायची आणि एकटीच बसून घरी यायची.

वाचनालय तिनेच सुरू केलेलं. निर्णय झाला त्या दिवशी ती जेवली नाही, पण भांडलीही नाही. विश्वजीतला वाईट वाटलं. वाचनालय बंद पडलं असं कुणी म्हणू नये, दान केलं असं म्हणावं, ही कल्पना त्याला तिच्यासाठीच सुचली. ती इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. कामाच्या ऑनलाइन बैठकांमधून तिची अबेना मॅडमशी ओळख झाली होती. त्या घानात आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या आणि आता एका गावाचं सार्वजनिक वाचनालय चालवत होत्या. त्यांच्याशी बोलून बघ, असं विश्वजीतने सुचवलं. बोलते, असं संघप्रिया म्हणाली.

विश्वजीत पेटलाच. मराठी पुस्तकं सभासदांनी वाटून घ्यायची आणि इंग्रजी तिकडे पाठवायची, असं त्याने ठरवूनही टाकलं. मंडळाच्या ग्रुपवर आवाहन गेलं, आणि जुफैरपासून बुसैतीनपर्यंत लोकांनी पलंगाखालची अडगळ साफ करून घेतली. जुनी गाइडं आली, बाद झालेल्या कॉम्प्युटर कोर्सची पुस्तकं आली, वजन घटवायचे उपाय आले. गरिबाला मिळेल ते गोड, असं अध्यक्ष हरिदासकाका म्हणाले. विश्वजीतला ते खटकलं, पण उत्साहाच्या भरात त्याने सोडून दिलं. त्याच्या आजोबांना वर्गाच्या दाराबाहेर बसून अक्षरं गिरवावी लागली होती. त्यांचा नातू समुद्रापलीकडच्या मुलांना पुस्तकं पाठवणार, या विचाराने त्याचा ऊर भरून यायचा.

अबेना मॅडमच्या चौकशा मात्र संपता संपेनात. संघप्रिया त्यांच्याशी फोनवर बोलायची आणि जेवताना सांगायची. खोली केवढी आहे? उघडी कधी असते? मुलं येतात का, घरी कोणती भाषा बोलतात?

"धर्माची गाय आणि दात का गं नाही," विश्वजीत हसत म्हणाला. "एवढं खोदून विचारतं का कुणी?"

"त्यांची पद्धत आहे तशी," संघप्रिया म्हणाली. "नुसती पुस्तकं हलवून त्यांना उपयोग नाही. वाचणारं कोण आहे ते कळायला हवं."

तिने सगळं खरं सांगितलं होतं. आपल्या लेकीला, अनुष्काला, मराठी समजतं पण ती उत्तर इंग्रजीत देते आणि मराठी पुस्तकाला हात लावत नाही, हेसुद्धा. घरची अब्रू कशाला बाहेर काढायची, असं विश्वजीतच्या ओठांवर आलं होतं. पण अबेना मॅडमकडेही तेच रडगाणं होतं म्हणे, शाळा इंग्रजी आणि घरात तिथली ट्वी भाषा. त्यांनी मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं छापून घेतली होती. एका पानावर इंग्रजी गोष्ट आणि समोरचं पान कोरं. ते मुलांनी आईला, आजीला विचारून घरच्या भाषेत भरायचं. छान आहे, असं म्हणून विश्वजीत चिकटपट्टी आणायला गेला.

भरलेल्या खोक्यांचे फोटो पाठव, असं त्याने बजावलं होतं. तिने खोक्यांचे पाठवले, रिकाम्या खुर्च्यांचेही पाठवले.

एके दिवशी ती कामावरून आली तीच डोळे पुसत. त्यांच्या समितीने होकार दिला, म्हणाली. आपल्या हाताने उभं केलेलं वाचनालय निघून चाललं म्हणून ती रडतेय, हे विश्वजीतला कळलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी दुपारी कार्गोवाला येणार, असं संघप्रियाने सांगितलं होतं. विश्वजीतने छोटासा कार्यक्रमच ठेवला. खोक्यांवर फुलं वाहिली, हरिदासकाकांनी दानाचं महत्त्व सांगितलं, सगळ्यांचे फोटो झाले. तेवढ्यात दारात व्हॅन थांबली. चालक मुझम्मिल मागचं दार उघडून एकेक खोकं खाली उतरवायला लागला.

विश्वजीत लगबगीने पुढे झाला. खोकी आत आहेत, ती न्यायची आहेत, असं त्याने समजावलं.

"साहब, ले जाने का कुछ नहीं है," मुझम्मिल म्हणाला. "ये घाना से आया है. आपकी लायब्ररी के नाम पे."

विश्वजीतने वरचं खोकं फोडलं. आत कोरी करकरीत पुस्तकं होती. अनुष्काने एक उचललं आणि तिथेच जमिनीवर बसून उघडलं.

"मम्मा, धिस साइड इज एम्प्टी," ती म्हणाली. "इथे मी लिहायचं?"

संघप्रियाने मान हलवली. हरिदासकाका खोक्यांकडे आणि फुलांकडे आळीपाळीने बघत होते.

"अगं, देणारे आपण होतो ना?" विश्वजीतने हळूच विचारलं.

"देतो असं मी त्यांना कधी म्हटलंच नाही," संघप्रिया म्हणाली. "मी आपल्या वाचनालयासाठी मदत मागितली होती. त्यांची अट एकच आहे, ही खोली बंद करायची नाही."